तक्त्यात नसलेला निरोप

आमचे सर कुणाचाही फोन उचलायचे. कुणाचाही म्हणजे अगदी कुणाचाही. शिकवता शिकवता, हातात खडू असताना, परीक्षेच्या हॉलमध्ये, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, आणि एकदा तर तपासणी समितीची बडी मंडळी समोर बसलेली असताना. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत सरांचा अंगठा बटणावर. पलीकडे कर्ज घ्या म्हणणारी एखादी मुलगी असली तरी तिचं सगळं ऐकून घ्यायचे. "मला कर्ज नको हाय ओ ताई, पर तुमी बोला, पूर्ण करा तुमचं," असं म्हणायचे. ती बिचारी गोंधळून स्वतःच फोन ठेवायची.

पोरं वात्रट. मागच्या बाकावरून मुद्दाम सरांना फोन लावायची. सरांच्या खिशात वाजलं की सर उचलणार, मागचा खाली मान घालून "हॅलो, गॅस एजन्सी का?" विचारणार, आणि सर शांतपणे "न्हाय, राँग नंबर लागला तुमचा" असं सांगून फळ्याकडे वळणार. आपल्याच वर्गातला आवाज त्यांना ओळखू येत नव्हता असं थोडंच आहे! पण ओरडले कधी नाहीत. पोरंच शेवटी कंटाळली.

रोज एक फोन मात्र वेगळा असायचा. तो आला की सर "दादा?" एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे. फोन कानाशी घट्ट, नजर खिडकीबाहेर, एक मिनिट, कधी दोन. पलीकडून कुणी बोलत नसे, हे सरांच्या तोंडाकडे बघूनच कळायचं. मग फोन बंद व्हायचा. सर स्वतःशीच म्हणायचे, "मोटर चालू हाय. लाईट आलीया." आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं शिकवायला लागायचे.

नवी पोरं हसायची, म्हातारा सटकलाय म्हणायची. मला हसू यायचं नाही, रागही यायचा नाही. हे खूळ कधी आणि कशानं लागलं, ते त्या अख्ख्या कॉलेजात फक्त मला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी मी समोर बसले होते. पेढा खात.

मी बावड्याची. बारामतीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला आले तेव्हा आमच्या गल्लीत कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्याच दिवशी सरांनी हजेरीचं पुस्तक उघडलं, माझं नाव वाचलं, आणि विचारलं, "गाव कंचं?" म्हटलं, बावडा. झालं! त्या दिवसापासून मी बावडा. "ओ बावडा, उभ्या राहा," "बावडा, तुमी सांगा." वर्गात अंथुर्णे होतं, भिगवण होतं, सणसर होतं. एका गावचे दोघं निघाले तर थोरलं आणि धाकटं. सरांना आमची नावं येत नव्हती असं नाही. त्यांचं म्हणणं असं की चाळीस पोरांत चार जणी स्वाती असतात, पण बावडा एकच आहे, मग लांबलचक नाव घ्यायचंच कशाला?

तेच त्यांचं शास्त्र होतं. माहिती दाबून लहान करायची, पण आतलं काही गमवायचं नाही. सर त्याला 'सांडणं' म्हणायचे. "फोटू दाबताना थोडं सांडलं तरी चालतंय. आकाशाचा निळा जरा इकडं-तिकडं झाला तर कोण विचारतंय? पर कुणाचं पत्र दाबलं, तर पलीकडं उलगडल्यावर एक वेलांटीसुद्धा सांडलेली दिसता कामा न्हाय. जसं घातलं तसंच निघालं पायजे." हे सांगताना हात असे धरायचे की जणू काठोकाठ भरलेली कळशी आहे हातात.

स्वतः तसेच होते. त्यांना खोटं बोलताच येत नसे. चहा कसा झालाय म्हणून कँटीनवाल्यानं विचारलं तर "काल यापेक्षा बरा हुता" असं तोंडावर सांगायचे. प्राचार्यांनी एकदा विचारलं, माझं भाषण कसं वाटलं? सर म्हणाले, "मधली दहा मिनिटं मला डुलकी लागली, त्यामुळं पूर्ण सांगता यायचं न्हाय." त्या वर्षी त्यांना विभागप्रमुख करणार होते. केलं नाही.

लग्न केलेलं नव्हतं. बारामतीत एक खोली, एक मोपेड, तीन शर्ट. आई आणि थोरला भाऊ कळंबला मळ्यात. दर रविवारी सर मोपेडवरून कळंबला जायचे आणि सोमवारी सकाळी चपलेला मळ्याची माती घेऊनच वर्गात शिरायचे.

अक्षरं मोजायला लावायचे आम्हाला. प्रत्येकानं वर्तमानपत्राचं एक पान घ्यायचं आणि कुठलं अक्षर किती वेळा आलं त्याचा तक्ता करायचा. जे जास्त वेळा येतं त्याला छोटी खूण, जे क्वचित येतं त्याला लांब खूण, म्हणजे सगळं मिळून कमी जागेत बसतं. आम्ही मान मोडून तीन दिवस मोजलं. मग सर म्हणाले, आता घरनं आलेलं एखादं पत्र आणा आणि याच तक्त्यानं दाबा. माझ्या आईचं पत्र होतं, दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं. दाबायला गेले तर लहान व्हायचं सोडून भलतंच लांबलं! सर खूश. "व्हणारच! पेपरवाल्याचा तक्ता घेऊन आईचं पत्र दाबायला निघालाय व्हय? पेपरात मंत्री किती वेळा येतो, आन् तुमच्या आईच्या पत्रात किती वेळा?" आधीच ठरवून ठेवलेला, न हलणारा तक्ता म्हणजे स्टॅटिक. आणि एकेक अक्षर येईल तसतसा स्वतःला बदलत जाणारा तक्ता म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह. परीक्षेला एवढं लिहिलं तरी पास. पण सरांना आम्ही पास होऊन भागत नव्हतं, आम्हाला ते दिसायला हवं होतं.

म्हणून एके दिवशी अख्खा वर्ग घेऊन भिगवण रस्त्यावरच्या एका किराणा दुकानासमोर उभे राहिले. दुकानदार काका भले माणूस होते. सर म्हणाले, "हे बघा, यांनी दिवाळीला बरण्या लावल्या त्या पुढच्या दिवाळीपर्यंत जागच्या हलणार न्हाईत. चहा रोज शंभरदा लागतो आन् बरणी वरच्या फळीवर. ह्यो तुमचा स्टॅटिक." मग काकांची विनवणी करून नवा नियम घातला. जी बरणी विकली जाईल ती गल्ल्याच्या दिशेनं एक घर पुढं सरकवायची. आठ दिवसांत चहा, साखर, शेंगदाणे काकांच्या हाताशी येऊन बसले. काका सगळ्यांना सांगायला लागले की मास्तरांनी माझं उठणं-बसणं वाचवलं.

नवव्या दिवशी काका लग्नाला गेले आणि काकू गल्ल्यावर बसल्या. त्या बाईंना एक बरणी सापडेना! जिरं मागणाऱ्याला ओवा गेला. दुपारी त्या कॉलेजच्या फाटकात येऊन उभ्या. "कोण त्यो मास्तर? माझ्या दुकानाचा इस्कोट केला त्यो?" आम्हाला वाटलं, आता सर पळतात. सर हात जोडून समोर गेले, सगळं ऐकून घेतलं, आणि वर्गात येऊन खडू उचलला. चेहरा उजळलेला. "बघितलं का? काकूंनी आठ दिवसांतली एकबी विक्री बघितलेली न्हवती. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये तक्ता पाठवावा लागत न्हाय, कारण दोघं पहिल्यापासनं एकच ऐकत असतात आन् एकसारखं सरकत असतात. पर जो मधनंच आला त्याला कायबी कळत न्हाय. आन् एकानं एक जरी हुकवलं, तरी तिथनं पुढं दोघं एकमेकाला परके." संध्याकाळी आम्हाला घेऊन गेले आणि सगळ्या बरण्या होत्या तशा लावून दिल्या. काकूंनी आम्हाला गुडदाणी दिली, सरांना दिली नाही.

हे नुसतं वर्गातलं नव्हतं. सर आणि त्यांचा दादा याच रीतीनं बोलायचे, मिस्ड कॉलवर. मोबाइल तेव्हा नुकते मळ्याखळ्यात पोचले होते. बोललं की पैसे जायचे, मिस्ड कॉल फुकट. आमच्याकडं सगळेच करायचे, एक दिला की लाईट आली, दोन दिले की डबा पाठव. पण सरांनी त्यात शास्त्र घातलं. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सहा चिठ्ठ्या ओळीनं होत्या. लाईट आली, लाईट गेली, पाटाला पाणी आलं, पाहुणे आले, तोड आली, म्हैस व्याली. पहिल्या चिठ्ठीला एक मिस्ड कॉल, दुसरीला दोन, असं सहापर्यंत. आणि निरोप आला की ती चिठ्ठी एक घर वर. तिकडं कळंबला दादांनी गोठ्याच्या कोनाड्यात तसेच सहा जिन्नस मांडलेले, चिंचोका, खडा, मक्याचा दाणा, बांगडीचा तुकडा असं काहीबाही. त्यांनी निरोप दिला की तेही एक घर सरकवायचे. उन्हाळ्यात 'लाईट गेली' वर यायची, पावसाळ्यात खाली जायची. दादा चौथीतून शाळा सुटलेले, पण चार वर्षांत एकदाही चुकले नाहीत. "तुमच्या वर्गात असा एक न्हाय," असं सर आम्हाला सुनवायचे.

एक नियम पक्का होता. फोन उचलायचा नाही. उचलला की पैसे गेले आणि मोजणीही गेली.

मी एकदा न राहवून विचारलं, "सर, कळंबला लाईट आली हे तुम्हाला बारामतीत बसून कळलं, त्याचा उपयोग काय?"

"उपयोग कसला?" सर म्हणाले. "बरं वाटतं. मळ्यात नसलो तरी मळ्यात असल्यागत वाटतं."

मला तेव्हा हे वेडेपणाचं वाटलं. आता मी पुण्यात सातव्या मजल्यावर राहते आणि बावड्यात आज ढग आलेत का, हे आईला फोन करून विचारते.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दुपारचा एक-दीड झाला असेल. प्रोजेक्टची वही दाखवायला मी सरांच्या टेबलापाशी गेले. सर भाकरी खाऊन नुकतेच हात धुऊन आले होते. फोन काचेवर होता, तो वाजला. दादांचा नंबर.

एरवी तो अर्धी रिंग वाजून कटायचा. त्या दिवशी वाजत राहिला. पुरा वाजला आणि आपोआप थांबला.

"एक," सरांनी बोट वर केलं.

पुन्हा वाजला. पुन्हा पुरा. "दोन."

तिसऱ्या वेळी मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. रिंग लांब जातेय हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. हसून म्हणाले, "दादा आज लई खुशीत दिसतोय. कट करायचंबी भान न्हाय गड्याला." चौथा आला. सर अर्धवट उठून उभे. पाचवा आला, पुरा वाजला, थांबला. सर सहाव्याची वाट बघत राहिले. तो आला नाही.

"पाच! तोड आली! बावडा, तोड आली आमच्या फडात!" दोन महिने ऊस वाळत उभा होता, कारखान्याची टोळी यायचं नाव घेत नव्हती. सरांनी शिपाईमामांना पेढे आणायला पिटाळलं. काच उचलली, 'तोड आली'ची चिठ्ठी एक घर वर सरकवली, काच पुन्हा नीट बसवली. मामा पेढे घेऊन आले. पहिला मला दिला.

मी खरं सांगते. तिसऱ्या रिंगेला माझ्या ओठांवर आलं होतं, सर, उचलून तर बघा. पण सरांना त्यांचं शास्त्र शिकवणारी मी कोण! गप्प बसले आणि पेढा खाल्ला.

पाऊण तासानं ऑफिसातला क्लार्क धावत आला. "सर, कळंबवरनं फोन हाय ऑफिसात. तुमची आई गेली."

तेव्हा कळलं ते एवढंच, की तोड बीड काही आली नव्हती. आईंना दम लागला होता, जीप बोलावली होती, बारामतीच्या दवाखान्यात आणायचं होतं. जीप यायच्या आधी दादांनी फोन लावला होता, आईंना बोलायचं होतं म्हणून. घाबरलेला माणूस. मोजणी, कोनाडा, चिंचोका, सगळं विसरून त्यानं आपला साधा फोन लावला होता, जगात सगळे लावतात तसा. पाच वेळा. आणि इकडे आम्ही बोटं मोजत होतो. आई अंथुर्ण्याच्या अलीकडेच गेल्या, जीप तिथूनच मागं वळली.

सावडण्याच्या दिवशी सरांनी दादांना सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, एक वेलांटी न सांडता. फोन हातात होता, मी मोजत होतो, पेढे वाटले. दादांनी ऐकून घेतलं, उठले आणि गोठ्यात निघून गेले. त्यानंतर ते सरांशी बोलले नाहीत. एक शब्दसुद्धा नाही.

सर रविवारी जायचे. दोघं भाऊ शेजारी बसून जेवायचे. दादा त्यांच्या ताटात भाकरी वाढायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा सरांनी धीर करून विचारलं, "दादा, आई काय म्हणत हुती रं?" दादा ताटावरून उठून गेले. पुन्हा सरांनी विचारलं नाही.

महिन्याभरानं तो रोजचा फोन सुरू झाला. सर आता पहिल्या रिंगेला उचलायचे, दादा पलीकडं गप्प. मागं मोटरीचा आवाज, पाटात पडणारं पाणी, कधी म्हशीचं हंबरणं. सर त्यावरून ओळखायचे, लाईट आलीया, पाणी सोडलंय, वैरण पडलीया. काचेखालच्या चिठ्ठ्या त्यांनी काढून टाकल्या होत्या.

मी पास झाले आणि दोन वर्षं त्याच कॉलेजात तात्पुरती शिकवायला राहिले, म्हणून हे सगळं बघायला मिळालं. सरांचं शिकवणं तेच होतं, पण एक जागा आली की ते थांबायचे. पुस्तकात ती जागा दोन ओळींची आहे. बदलत्या तक्त्यात एक खूण राखून ठेवायची असते, आजवर कधीच न आलेल्या अक्षरासाठी. ती खूण आली की समजायचं, आता पुढं येणारं यादीत नाही, ते जसं आहे तसं ऐकायचं. आम्हालाही सरांनी ते शिकवलं होतं, त्याच वर्षी, आई जायच्या आधी दोन महिने! आणि स्वतःच्या काचेखाली ती सातवी चिठ्ठी ठेवायची राहिली. आईचा निरोप यादीत कशाला ठेवायचा? ती कधी काही मागायचीच नाही, रविवारी तर भेटायचीच.

"कोडला किती वेळा आलं ते कळतं," सर मुलांना सांगायचे. "किती मोलाचं ते कळत न्हाय. ते तुमी बघायचं." मुलं लिहून घ्यायची. मी दाराशी उभी असले तर सर माझ्याकडे बघायचे नाहीत.

मला पुण्याला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा सर मोपेड पुसत होते. म्हणाले, "बावडा, गावाला जाताना तुमची एसटी कळंबावरनंच जाती न्हवं?"

"हो सर."

"मग एखाद्या बारीला उतराल का? दादा माझ्याशी बोलत न्हाय. तुमाला सांगंल. आई काय म्हणत हुती, तेवढं इचारायचं. वाईट असंल तरी चालंल. रागानं बोलली असंल, शिव्या दिल्या असतील, काय असंल ते. फक्त जसं म्हणाली तसं सांगायचं मला."

"विचारते सर. पुढच्याच वेळी."

पुढच्या वेळी एसटीला गर्दी होती, उतरले तर पुन्हा जागा मिळाली नसती. त्याच्या पुढच्या वेळी उशीर झाला होता. मग माझं लग्न झालं, गाडी आली, आम्ही हायवेनं इंदापूरवरून जायला लागलो. सर फोनवर कधी आठवण करून द्यायचे नाहीत. फक्त विचारायचे, "ह्या बारीला कुठल्या रस्त्यानं गेलता?" मी म्हणायची, हायवेनं. "बरं बरं. त्यो रस्ता चांगला हाय," असं सर म्हणायचे. चार वर्षं हे चाललं. खरं कारण सांगते, मला भीती वाटत होती. दादांनी मला ओळखलं तर? त्या दिवशी तिथं पेढा खाणारी तूच का, असं विचारलं तर? तिशीला आलेली बाई मी, एका शेतकऱ्याला दोन शब्द विचारायला घाबरत होते. लाज वाटते सांगायला.

दोन वर्षांपूर्वी सर गेले. सकाळी उठलेच नाहीत. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आता विचारून कुणाला सांगणार, असा विचार करत पंधरा दिवस काढले आणि सोळाव्या दिवशी एकटीच गाडी काढून कळंबला गेले.

दादा गोठ्याच्या कडेला कडबा तोडत बसले होते. सरांचंच नाक, सरांचीच कपाळावरची शीर, फक्त उन्हानं रापलेली. मी म्हटलं, मी बावड्याची, सरांची विद्यार्थिनी.

"बावडा व्हय!" ते एकदम म्हणाले. "बस की पोरी. लई सांगायचा त्यो तुझं. लई आधी."

त्यांनी पोतं अंथरलं, पाणी दिलं. मला काही जुळवून बोलता येईना. मी सरळ सांगून टाकलं. त्या दिवशी मी तिथं होते. मला वाटलं होतं उचला म्हणावं, मी म्हणाले नाही. सरांनी मला विचारायला सांगितलं होतं, मी चार वर्षं आले नाही. आणि रडायला लागले. दादांनी रडू दिलं. मग कोयता खाली ठेवला.

"आईला दम लागला हुता," ते म्हणाले. "बोलता येत हुतं पर. म्हणली, धाकल्याला लाव, त्येचा आवाज ऐकू दे. लावला. तिच्या कानाला धरला. उचलला न्हाय. परत लाव म्हणली. आसं पाच बारी. सहाव्यांदा मी लावाया लागलो तर हात धरला माझा. म्हणली, तासावर आसंल माझं पोरगं. पोरास्नी शिकवत आसंल. लावू नगं आता, त्याचा तास मोडंल. आन् हसली. गाडीतबी त्येच सांगत हुती डायवरला, माझा धाकला कालेजात शिकवतो म्हणून."

मी डोळे पुसायचं विसरले.

"मी ठरवलं हुतं, त्यो आला की पैलं ह्येच सांगायचं. त्याला बरं वाटंल. तर त्योच सावडायच्या दिवशी म्हणला, दादा, मी तासावर न्हवतो. फोन हातात धरून बसलो हुतो. पेढं वाटत हुतो." दादांनी कडब्याची पेंढी बाजूला सारली. "आता त्याला कसं सांगू, की आई काय म्हणत गेली? मेला असता त्यो. मला खोटं बोलता येत न्हाय, त्यालाबी यीत न्हवतं. एका आईची पोरं आमी. त्याच्यासंगं बोलाया लागलो असतो तर आज ना उद्या त्यानं इचारलंच असतं, आन् माझ्या तोंडातनं निघालंच असतं. म्हणून बोललोच न्हाय."

"सहा-सात वर्षं?"

"जमत न्हवतं. म्हणून तर रोज लावायचो. त्यो 'दादा?' म्हणायचा, तेवढं ऐकायचो. मग फोन पाण्याकडं धरायचो."

मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "दादा, सर शेवटपर्यंत समजत होते की तुम्ही त्यांच्यावर रागावलाय."

दादांनी झटकन माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. इतकी वर्षं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, की गप्प राहण्याचा असाही अर्थ होतो.

"राग?" ते म्हणाले. "राग कसला, पोरी? ल्हान हाय त्यो माझ्यापेक्षा."